वऱ्हाडचा कापूस आणि जगाचा बाजार

जागतिकीकरण हा शब्द मराठी वृत्तपत्रांत १९९१ नंतर रुळला. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात भारत सरकारने नवे आर्थिक धोरण स्वीकारले आणि १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. परदेशी बाजार आपल्या दाराशी तेव्हाच प्रथम आला, असा अनेकांचा समज आहे. वऱ्हाडचा इतिहास मात्र निराळे सांगतो. तिवसा, अमरावती, अकोला, खामगाव या काळ्या मातीच्या मुलखाची जगाशी गाठ त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वीच पडली होती, आणि ती कापसाच्या धाग्याने बांधलेली होती. तो इतिहास पाहिला म्हणजे आजच्या दुखण्याचे मूळ हाती लागते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. निमित्त फौजेच्या थकलेल्या खर्चाचे होते. परंतु मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा असलेला कापूस या भूमीत पिकतो, हे राज्यकर्ते पुरते ओळखून होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेना आणि मुंबईच्या बाजारात भाव भडकले. उमरावतीचे नाव लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘ऊमरा’ असे बसले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्य बुडाले, ती हकीकत प्रसिद्ध आहे. चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराच्या वहीत अंगठा उठवणारा कुणबी कोणाच्या स्मरणात राहिला नाही.

बाजार मात्र राहिला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली, १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि १८७० साली खामगावच्या कापूस बाजारासाठी स्वतंत्र फाटा टाकण्यात आला. ज्या डब्यांतून कापसाच्या गाठी गेल्या, त्याच डब्यांतून विलायती कापड परत आले. रेल्वेमुळे विलायती कापड स्वस्त पडेल, देशी विणकर माग सोडून शेतीकडे वळतील आणि निर्यातीला अधिक कापूस मिळेल, अशी अपेक्षा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नक यांनी उघडपणे लिहून ठेवली आहे. कोष्टी-साळ्यांच्या कित्येक घरांत ती खरी ठरली.

याहून खोल बदल शेतात झाला. ज्वारीच्या रानात कापूस शिरला. ज्वारी घरी खाता येते, कडबा जनावरांना घालता येतो आणि उरलेले धान्य पेवात ठेवता येते. कापूस विकलाच पाहिजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत त्याची परीक्षा झाली. रेल्वे धावत होती, बाजार भरत होते. पण पेव रिकामे होते आणि मजुराच्या हाती धान्य घेण्याइतका पैसा नव्हता. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बाजारात दोन प्रकारची माणसे उभी असतात: एक थांबू शकणारा आणि दुसरा आजच विकावे लागणारा. भाव कितीही न्यायाने ठरो, दुसरा पहिल्यापुढे हरतोच. वऱ्हाडच्या शेतकऱ्याची थांबण्याची ताकद पेवातल्या ज्वारीत होती. ती त्याने गमावली.

स्वातंत्र्यानंतर ती ताकद शासनाने देऊ पाहिली. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. चुकारे उशिरा मिळत, तोटा साचे, शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस चोरून तिकडे जाई; हे सारे खरे. तरीही हमीचा भाव आणि ठरावीक गिऱ्हाईक, एवढा आधार होता. २००२ च्या सुमारास खासगी व्यापारास मुभा मिळून तो मक्ता संपला. त्याच वर्षी मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. उत्पन्न प्रारंभी वाढले, हे नाकारता येत नाही. परंतु संकरित वाणांपासून सुरू झालेली एक गोष्ट आता पूर्ण झाली: घरची सरकी पेरण्याचे दिवस संपले. दरसाल बियाण्याचे पाकीट विकत घ्यायचे आणि कोरडवाहू शेतात पावसाची वाट पाहायची. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद दिली नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले.

दरम्यान गावोगाव आत्महत्या होत होत्या. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. घरचा कर्ता गेला तरी कर्ज घरातच राहते, हे दुःख कोणत्याही आकड्यात मावत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेने अनेकांनी तो घरात भरून ठेवला आणि भाव उतरत गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लादला. कापड उद्योगास दिलासा म्हणून आपल्या सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले, ते ऐन वेचणीच्या तोंडावर. वॉशिंग्टनच्या निर्णयाचा भार तिवशाच्या शेतावर असा येतो.

जगाच्या बाजाराने दिलेलेही पुष्कळ आहे. आमची मुले पुण्यात नोकऱ्या करतात, मोबाईलवर रोजचे भाव कळतात. पण ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, भाकरीचे पीठही दुकानातून येऊ लागले. पहिल्या वेचणीला वऱ्हाडात सीतादही करतात. भूमीच्या दानाबद्दलची ती कृतज्ञता आपल्या प्रथमफळांच्या अर्पणाची सख्खी बहीण आहे. ज्याचे पीक आधीच कर्जात गहाण पडले आहे, त्याने अर्पण तरी कशाचे करावे?

पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या विश्वपत्राला शंभर वर्षे झाली, तेव्हा १ मे १९९१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी नवे विश्वपत्र प्रसृत केले. आपल्या अर्थधोरणाच्या अवघे तीन महिने आधी. बाजाराची उपयुक्तता त्यांनी मान्य केली, परंतु माणसाच्या कित्येक गरजा बाजार भागवू शकत नाही, असेही बजावले. मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्याची कोठारे भरली, म्हणून दुष्काळात लोक तगले. आपल्यालाही कोठारेच भरायची आहेत.

धर्मग्रामातील कुटुंबांनी निदान एवढे करावे. ज्यांची शेती आहे, त्यांनी घरापुरती ज्वारी-तूर पेरावी. सोयाबीन आणि तूर काढणीच्या घाईत न विकता बाजार समितीच्या शेतमाल तारण कर्ज योजनेचा लाभ घ्यावा. बचत गटांनी बियाण्याच्या हंगामात सावकाराआधी शेजाऱ्याच्या दारी जावे. आणि नोकरदार कुटुंबांनी गावाकडच्या भावाच्या कर्जाची चौकशी दिवाळीच्या फराळाइतक्याच आस्थेने करावी. गुरुकुंज मोझरी तिवशाजवळच आहे. तेथून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी स्वावलंबी गावाचा ध्यास आयुष्यभर सांगितला. जगाचे दार आता बंद होणार नाही, आणि व्हावे असेही नाही. त्या दारातून आपला शेतकरी बाहेर पडेल, तेव्हा त्याच्या घरच्या पेवात वर्षाचे धान्य असावे.