जेरुसलेमच्या पत्रांपासून ई-मेलपर्यंत

फसवणुकीची साधने काळाबरोबर बदलतात. तिची रीत मात्र फारशी बदलत नाही. आज ई-मेल उघडताना किंवा परगावी भाड्याचे घर शोधताना जो सापळा आपल्यापुढे मांडला जातो, त्याचा नमुना दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये सापडतो.

यूजेन फ्रांस्वा विदोक (१७७५-१८५७) हा आधी गुन्हेगार होता आणि पुढे पॅरिसच्या गुप्त पोलीस पथकाचा प्रमुख झाला. बिसेत्रच्या तुरुंगात तो स्वतः कैदी होता. राज्यक्रांतीनंतरच्या काळात तेथील कैदी जी पत्रे लिहीत, त्यांची हकीकत त्याने नोंदवून ठेवली आहे. चोरांच्या बोलीत त्यांना ‘जेरुसलेमची पत्रे’ म्हणत. निरनिराळ्या प्रांतांतील सधन माणसांचे पत्ते इतर कैद्यांकडून मिळवायचे आणि त्यांना कळवायचे की, आपण एका उमरावाचे सेवक आहोत. क्रांतीच्या धामधुमीत पळताना धन्याची सोन्याहिऱ्यांची पेटी तुमच्या गावाजवळ दडवली. ती काढावयास परतताना पकडले गेलो. थोडी रक्कम पाठवाल तर पेटीची जागा सांगू. अशा शंभर पत्रांपैकी वीस पत्रांना उत्तर येई, असे विदोक सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच पत्र ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने कुप्रसिद्ध झाले. १८९८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याविषयी वाचकांना सावध केले होते. या पत्रांत आता कैद्याची निराधार कन्या आली, आणि कित्येकदा तुरुंगातला एक दयाळू धर्मगुरूही मध्यस्थ म्हणून आला. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. केवळ लोभाला नव्हे, तर करुणेला आणि श्रद्धेलाही गळ लावता येतो, हे लबाडांनी तेव्हाच ओळखले होते.

१९८० च्या दशकात नायजेरियातून अशी पत्रे टपालाने व फॅक्सने जगभर जाऊ लागली. त्या देशाच्या दंडसंहितेतील कलमावरून त्यांना ‘४१९’ हे नाव पडले. १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेच्या ग्राहकांना कंपनीचे कर्मचारी असल्याचे भासवून परवलीचा शब्द विचारला जाऊ लागला. मासेमारीच्या इंग्रजी शब्दावरून या प्रकाराला ‘फिशिंग’ म्हणू लागले. पुढे बँकांच्या नावाने हुबेहूब बनावट पाने निघाली.

घरभाड्याची फसवणूक ही याच वंशवेलीवरची फांदी होय. खऱ्या घराची छायाचित्रे उचलून कमी भाड्याची जाहिरात द्यायची. ‘मालक परदेशी आहे, घर पाहण्यापूर्वी अनामत पाठवा’ असे सांगायचे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर निघालेल्या मुलामुलींना हा सापळा विशेष घातक ठरतो. आपल्याकडे याची उलट तऱ्हाही आहे. सैन्यातील अधिकारी म्हणवणारा ‘भाडेकरू’ घरमालकाला क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन केल्यास पैसे जमा होतील, असे सांगतो. वास्तविक पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

या साऱ्या इतिहासातून तीन खुणा ठळक होतात : मोठ्या लाभासाठी आधी थोडी रक्कम, विचाराला वेळ न देणारी घाई, आणि ‘कोणास सांगू नका’ ही अट. यांपैकी एक जरी दिसली तरी थांबावे. त्या संदेशातील दुव्यावर वा क्रमांकावर विसंबू नये. आपल्याला पूर्वीपासून ठाऊक असलेल्या मार्गाने खात्री करावी. घर स्वतः किंवा विश्वासू माणसाकरवी पाहिल्याविना अनामत देऊ नये.

२०१९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने धर्मगुरूंच्या नावाने आलेल्या, भेटकार्डे मागणाऱ्या बनावट ई-मेलविषयी इशारा दिला. ‘स्पॅनिश कैद्या’च्या पत्रातला तो मध्यस्थ पुन्हा अवतरला होता! अशा वेळी आपल्या धर्मगुरूंना फोन करून विचारणे हा अविश्वास नव्हे. त्यांच्या नावाचे ते रक्षणच आहे.

आणि फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. भारतात १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवल्यास रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते; विलंबाने ती मावळते. दोन शतके हा धंदा टिकला, त्यात फसलेल्यांच्या मौनाचा वाटा मोठा आहे. म्हणून असे पत्र आले की ते घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.