हिंगोली ते मुंबई : हवाई अंतर आणि प्रत्यक्ष प्रवास

दोन शहरांमधील अंतर सांगताना नकाशावरील सरळ रेषेचे माप दिले जाते. यालाच हवाई अंतर म्हणतात. अक्षांश-रेखांशांवरून गणित केले, तर हिंगोली ते मुंबई हे अंतर सुमारे ४५५ किलोमीटर भरते. लंडन-पॅरिस हे अंतर सुमारे ३४५ किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला मुंबई गाठण्यास पस्तीस मिनिटे पुरावीत. मात्र हे झाले कागदावरचे उत्तर.

धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरण्यासाठी वेग कमी करणे यांत वेळ जातो. त्यामुळे साडेतीनशे किलोमीटरच्या लंडन-पॅरिस उड्डाणालाही वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास वेळ धरलेला असतो. लहान अंतरात विमानाचा वेग फारसा उपयोगी पडत नाही. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा खुला झाल्यानंतर या मार्गावर रेल्वेने विमानाला तोड दिली ती याच कारणाने. आज ही गाडी एका शहराच्या मध्यभागातून दुसऱ्याच्या मध्यभागी सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचवते.

हिंगोलीकरांपुढील हिशेब निराळा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. सर्वांत जवळचा विमानतळ नांदेडचा. सरळ रेषेत तो साठ-पासष्ट किलोमीटरवर असला, तरी रस्त्याने नव्वदच्या आसपास अंतर पडते. तेथून मुंबई हवाई मार्गाने सुमारे ४६५ किलोमीटर, म्हणजे हिंगोलीपेक्षाही किंचित लांबच! रस्त्याचे दोन तास, विमानतळावरील प्रतीक्षा आणि मुंबईत उतरल्यावरची वाहतूक धरली, तर सव्वा तासाचे उड्डाण पाच-सहा तासांचे होते. सकाळची वेळ घेऊन मुंबईच्या रुग्णालयात जाणाऱ्याला आदल्या दिवशीच निघणे श्रेयस्कर.

शिवाय नांदेडची सेवा अखंड राहिलेली नाही. 'उडान' योजनेतील पहिल्या उड्डाणांत २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबादचा समावेश होता. तेथे आसने कमी असलेले, पंख्याचे एटीआर विमान वापरले जाई. पुढे ती कंपनीच थांबली. २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने तेथून उड्डाणे सुरू केली. निघण्यापूर्वी चौकशी अटळ आहे. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे १८५, तर नागपूरचा अडीचशे किलोमीटरवर आहे. रस्त्याने दोन्ही अंतरे बरीच वाढतात.

राहिली रेल्वे. पूर्णा-अकोला मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये झाले आणि जालना-मुंबई जनशताब्दी २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत आली. मुंबईला निघालेली ही गाडी आधी दक्षिणेस पूर्ण्याला उतरते, मग परभणी, जालना, मनमाड असा फेरा घेते. म्हणूनच ४५५ किलोमीटरचे साडेसहाशे होतात आणि प्रवासाला दहा तासांहून अधिक लागतात. गाडी बदलण्याची कटकट मात्र नाही.