खोत हा सरकारचा ‘फॅक्टर’ होता का?

संगमेश्वर तालुक्याचा महसुली इतिहास वाचताना एक तुलना सहज सुचते: खोत म्हणजे सरकारचा फॅक्टरच की! ती कितपत टिकते ते बघू.

आधी फॅक्टरिंग समजून घ्या. समजा, एका कारखानदाराने १ लाखाचा माल ९० दिवसांच्या उधारीवर दिला. मजुरी आणि वीजबिल मात्र आजच भरायचंय. मग तो ही उधारी फॅक्टर कंपनीला विकतो. कंपनी समजा ८० हजार लगेच देते, वसुली स्वतः करते आणि बिल वसूल झालं की व्याज-कमिशन कापून उरलेले पैसे देते. भारतात रिझर्व्ह बँकेने १९८८ मध्ये नेमलेल्या कल्याणसुंदरम समितीनंतर हा व्यवसाय रुळला. त्याचा स्वतंत्र कायदा २०११ चा.

आता खोत. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोती, संगमेश्वरकडचीही. गावाचा सारा सरकारात भरायची जबाबदारी खोताची, आणि कुळांकडून वसुलीही त्यानेच करायची. कुळाने थकवलं तरी सरकार खोतालाच धरणार. फॅक्टरिंगमध्येही एक प्रकार असा आहे की उधारी बुडाली तर नुकसान फॅक्टरचं. विकणाऱ्याकडे तो परत मागू शकत नाही. इथवर तुलना जुळते.

पुढे मात्र गाडी अडते. फॅक्टरिंगमध्ये उधारी कोणालाही विकली तरी देणेकऱ्याचा आकडा १ लाखच राहतो. खोतीत दोन आकडे होते. सरकारात भरायचा तो सारा. कुळाकडून घ्यायचा तो पिकाचा हिस्सा, भातशेतीत अनेकदा अर्धा, म्हणजे ‘अर्धेल’. मधला फरक खोताचा. १८८० च्या खोती कायद्यानंतरही हा तंटा मिटला नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. खोत नुसता वसुली करणारा असता, तर एवढा संघर्ष कशाला झाला असता?

म्हणजे सरकारी दप्तरातून पाहिलं तर खोत फॅक्टरसारखा दिसतो, कुळाच्या बाजूने पाहिलं तर जमीनदारासारखा. तुमच्या प्रबंधात आजची संकल्पना जुन्या व्यवस्थेला लावताना हे जरूर तपासा: पैसे शेवटी ज्याच्या खिशातून जातात, त्याचा आकडा मधल्या माणसामुळे बदलतो का? बदलत असेल, तर ती तुलना अर्धीच आहे. आणि दप्तरं बहुतेक सरकारचीच उरली असल्याने कुळाचा आकडा मुद्दाम शोधावा लागतो.