आमची टीम हैदराबादची

१ नोव्हेंबर १९५६ ला नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकच्या क्वार्टर फायनलमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. पहिली तारीख आपल्याला शाळेत भेटते. दुसरी मला घरात कळली, कारण आजोबा तेव्हा उस्मानियात शिकत होते आणि त्यांच्या लेखी त्या साली घडलेली मोठी गोष्ट म्हणजे ही मॅच. राज्य बदललं, हॉस्टेलची खोली तीच राहिली, असं ते म्हणायचे.

अर्धापूर म्हटलं की लोकांना केळी आठवतात, फुटबॉल नाही. पण त्या काळी पुढचं शिकायचं म्हणजे हैदराबाद. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० मध्ये, तेही उस्मानिया विद्यापीठालाच जोडलेलं. मराठवाडा विद्यापीठ व्हायला १९५८ उजाडलं. नांदेडहून मीटरगेजची गाडी पकडायची, मुदखेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद करत सिकंदराबादला उतरायचं. आजोबा १९५३ ला असे गेले. पहिल्याच महिन्यात कुणीतरी त्यांना मॅचला ओढून नेलं, आणि अभ्यासाचं जे व्हायचं ते झालं.

तेव्हाची हैदराबाद सिटी पोलीसची टीम म्हणजे काय चीज होती, हे आज सांगून पटत नाही. मुंबईच्या कूपरेजवरचा रोव्हर्स कप त्यांनी १९५० ते १९५४ सलग पाच वेळा नेला. मोहन बागानला हरवून ड्युरँडही मारला. कॉलेजची पोरं या टीमवर जीव टाकायची.

आता टीमचं नाव पुन्हा वाचा. पोलीस. १९४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने पणजोबांनी घराला कुलूप लावून सगळ्यांना पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात उमरखेडला हलवलं होतं. निजामाच्या पोलिसाची टोपी दिसली तरी माणसं बोळात शिरायची. आणि पाच वर्षांत त्याच घरातला पोरगा नूर महंमद, अझीझुद्दीन अशी नावं घेत पोलिसांच्या विजयाची पत्रं पाठवायला लागला. पणजोबा संतापले. "ज्यांच्या शिट्टीला भिऊन पळालो, त्यांच्याच शिट्टीवर टाळ्या वाजवायलास व्हय रे?" आजोबांचं उत्तर घरात अजून सांगतात: "दादा, शिट्टी तर रेफरी वाजवतो."

मला हे उत्तर नुसतं हजरजबाबी वाटत नाही. हैदराबाद संस्थानाचा इतिहास आपण मुक्तिसंग्रामाच्या अंगाने वाचतो, आणि तो तसाच वाचायला हवा. पण संस्थान गेल्यावर लोकांनी त्यातलं काय जवळ ठेवलं, हे फारसं कुणी लिहीत नाही. आजोबांनी उर्दू ठेवली, 'सियासत'चं खेळाचं पान ठेवलं, आणि रहीमसाहेब ठेवले.

सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर. उस्मानियाचेच खेळाडू, मग सिटी पोलीसचे आणि भारताचे कोच. ज्या पायाने मारायची सवय नाही त्याच पायाने खेळायचं, अशा स्पर्धा ते भरवायचे. आजोबांनी ही युक्ती उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्धापूरला आणली. वाड्याच्या अंगणात चिंध्यांचा चेंडू, दोन्ही बाजूंना कोनाडे म्हणजे गोल, आणि उजव्या पायाने मारलं की फाऊल. काका लोक रडकुंडीला यायचे. सगळ्यात भारी खेळायची ती मोठी आत्या, परकर खोचून. तिला कुणी हैदराबादला पाठवलं नाही. शाळाही सातवीला थांबली. पण मेलबर्नच्या टीममधले हैदराबादी तिला पाढ्यासारखे पाठ होते. गोलांची हॅटट्रिक मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची, हे मात्र ती घाईघाईत उरकायची.

मेलबर्नला भारत चौथा आला. सेमीफायनलमध्ये युगोस्लाव्हियाने ४-१ ने हरवलं. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून एशियाडचं सुवर्ण मिळालं, तेव्हा आम्ही महाराष्ट्रात येऊन दोन वर्षं झाली होती. घरात पेढे मात्र 'आपल्या हैदराबादचे' म्हणून वाटले गेले. पुढच्या जूनमध्ये कॅन्सरने आजारी असलेले रहीमसाहेब गेले. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. आजीला वाटलं, नात्यातलंच कुणी गेलं.

आता आमच्याकडे सगळे क्रिकेटवाले. 'मैदान' सिनेमा आला, तो मी आत्याला मोबाईलवर दाखवला. अजय देवगण तिला रहीमसाहेब म्हणून काही पटला नाही. "मास्तर असा दिसतो व्हय?" पण तुलसीदास बलराम पडद्यावर आला तसा तिने माझा हात दाबला. "थांबव जरा. हा सिकंदराबादचा. आपला."