प्रांगणाची वक्रता

'नर्तनकौशल्याच्या अभावी प्रांगणाच्या वक्रतेवर दोषारोपण.' ओळखा पाहू! बरोब्बर... नाचता येईना, अंगण वाकडे. मोकळ्या तासाला मी मुलांना अशा म्हणी घालायचो. 'मर्कटहस्ती प्रज्वलित काष्ठ' म्हटलं की वर्ग ओरडायचा, "माकडाच्या हाती कोलीत!"

हा खेळ माझ्या शाळकरी वयातला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि १९६२ साली शासनाचा 'पदनाम कोश' आला. त्यातल्या संस्कृत शब्दांमुळे त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवलंही गेलं. पण संचालक, अभियंता, अधीक्षक हे शब्द आज रुळलेच ना? नुसत्या अवघडपणानं शब्द मरत नाही.

मात्र एकदा एका विद्यार्थ्याचे वडील सरकारी पत्र घेऊन आले. "गुरुजी, मंजुरी आलीया, पैसं कवा मिळतील?" मी वाचलं, 'सदर विनंती विचारार्थ स्वीकारणे अनुज्ञेय नाही.' म्हटलं, "दादा, अर्ज नामंजूर झालाय." ते म्हणाले, "मग तसं लिवायचं की!"

अपिलाची मुदत टळून गेली होती. वर्गातल्या कोड्याचं उत्तर तास संपायच्या आत मिळायचं. त्यांना मिळालं ते मुदत संपल्यावर.