वेदना आणि आघातावर योग-ध्यान : उपयोग किती, धोका कोठे?

ब्रह्मदेशातील भारतीय वंशाचे उद्योजक सत्यनारायण गोएंका यांना तरुणपणीच अर्धशिशीने ग्रासले होते. मॉर्फिनच्या इंजेक्शनाशिवाय आराम पडू नये, इतकी ती वेदना तीव्र होती. १९५५ मध्ये ते रंगूनचे विपश्यना आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा आचार्यांनी केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी ही साधना शिकवण्यास नकार दिला. साधनेचा हेतू मनाची शुद्धी हा असून दुखणे कमी झालेच तर तो आनुषंगिक लाभ होय, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य करून गोएंका शिबिरास बसले. पुढे १९६९ मध्ये त्यांनी भारतातील पहिले शिबिर मुंबईत घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीचे ‘धम्मगिरी’ हे विपश्यनेचे प्रमुख केंद्र बनले.

जे ऊ बा खिन यांनी नाकारले, तेच गेल्या काही दशकांत वैद्यकाने जाणीवपूर्वक हाती घेतले आहे. दुखणे आणि मानसिक आघात यांवरील उपचार म्हणून योग आणि ध्यानाचा वापर आज अनेक रुग्णालयांत होतो. त्यातून नेमके काय साधते, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

लोणावळा ते मॅसॅच्युसेट्स

योगाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्याचे सुरुवातीचे महत्त्वाचे काम महाराष्ट्रात झाले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांच्या साह्याने तपासण्यास प्रारंभ केला. याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्यांचे नियतकालिकही सुरू झाले.

दीर्घकालीन वेदनेच्या उपचारांत ध्यानाला स्थान मिळवून देण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील जॉन कबाट-झिन यांना जाते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ मध्ये त्यांनी तणावनिवारणाचा एक अभ्यासक्रम सुरू केला. पुढे आठ आठवड्यांच्या स्वरूपात तो जगभर रूढ झाला. आठवड्यातून एक वर्ग आणि घरी रोजचा सराव, अशी त्याची रचना आहे. शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेणे, बसून ध्यान करणे आणि सौम्य योगासने यांचा त्यात समावेश असतो. १९८२ मध्ये त्यांनी ५१ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या उपचारांनी बरे न वाटलेल्या या रुग्णांपैकी ६५ टक्क्यांच्या वेदनेत किमान एक तृतीयांश घट झाली होती. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने या निष्कर्षाला मर्यादा होती.

ही उणीव नंतरच्या अभ्यासांनी भरून काढली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले होते. सहा महिन्यांनंतर ध्यानाच्या गटातील सुमारे ६१ टक्के रुग्णांच्या दैनंदिन हालचालींत लक्षणीय सुधारणा दिसली. वर्तनोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५८ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४४ टक्के होते. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी अवलंबावयाच्या उपायांत योग आणि ध्यान या दोहोंचा समावेश केला.

वेदना आणि तिचा जाच

वेदनेला दोन बाजू असतात. एक तिची तीव्रता, दुसरी तिचा जाच. २०११ मध्ये फॅडेल झायदान आणि सहकाऱ्यांनी १५ निरोगी व्यक्तींना चार दिवस रोज वीस मिनिटे ध्यान शिकवून नंतर त्वचेला उष्णतेचे चटके दिले. ध्यानात असताना वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी, तर तिचा जाच ५७ टक्क्यांनी कमी जाणवल्याचे त्यांनी नोंदवले. दुखण्याच्या भोवती साचणारी भीती, चिडचिड आणि ‘हे कधीच संपणार नाही’ ही भावना ओसरली की, तेच दुखणे सोसणे सुकर होते. कंबरेतील मणक्याची झीज ध्यानाने भरून येत नाही. बदलते ते त्या झिजेसह जगणे.

आघात शरीरातही असतो

अपघात, अत्याचार, युद्ध वा नैसर्गिक आपत्ती यांतून वाचलेल्या काहींना ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ अर्थात आघातोत्तर तणावविकार जडतो. १९८० मध्ये या विकाराला अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत स्थान मिळाले. प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, दचकणे, झोप उडणे ही त्याची लक्षणे. धोका टळला तरी शरीर सावधच राहते. संथ श्वास आणि सावकाश हालचाल यांतून शरीर सुरक्षित असल्याचा अनुभव पुन्हा मिळावा, ही या विकारातील योगोपचाराची भूमिका आहे.

मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी २०१४ मध्ये ६४ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांना पूर्वीच्या उपचारांनी गुण आला नव्हता. दहा आठवडे योगवर्ग घेतलेल्या ३१ जणींपैकी १६ जणी विकाराच्या निकषांबाहेर आल्या, तर आरोग्यशिक्षण घेतलेल्या २९ पैकी सहाच. भारतातही २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानमधील ४७ आपद्ग्रस्तांना आठवडाभर योग शिकवण्यात आला. त्यानंतर त्यांची भीती, चिंता आणि निद्रानाश कमी झाल्याचे शर्ली टेलेस व सहकाऱ्यांनी नोंदवले.

सर्वच निष्कर्ष इतके उत्साहवर्धक नाहीत. ११६ माजी सैनिकांवरील २०१५ च्या अमेरिकी चाचणीत ध्यानाने लक्षणे सौम्य झाली, परंतु विकारमुक्त होणाऱ्यांच्या संख्येत दोन गटांत ठोस फरक आढळला नाही. त्यामुळे आघातावर केंद्रित मानसोपचार हाच आजही मुख्य उपचार मानला जातो. योग आणि ध्यान त्याच्या जोडीला येतात.

सावधगिरी कोठे हवी?

आघातग्रस्ताने डोळे मिटून शांत बसणे नेहमीच सुखावह नसते. बाहेरचे जग थांबताच दडपलेल्या आठवणी उसळून येऊ शकतात. शवासनातील निश्चलता किंवा शिक्षकाने न विचारता केलेला स्पर्श अत्याचारग्रस्त व्यक्तीला पुन्हा त्याच क्षणी नेऊन सोडू शकतो. म्हणूनच आघातग्रस्तांसाठीच्या योगवर्गांत काही पथ्ये पाळली जातात. शिक्षक हुकूम देत नाही, पर्याय सुचवतो. साधकाला हात लावून आसन सुधारत नाही. डोळे उघडे ठेवण्याची आणि कोणत्याही क्षणी थांबण्याची मुभा असते. स्वतःच्या शरीराबाबत निर्णय घेण्याचा हिरावला गेलेला अधिकार परत मिळणे, हाच येथे उपचाराचा गाभा असतो.

दहा दिवसांच्या मौन शिबिराचे स्वरूप याहून वेगळे आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी ते उपचार म्हणून निवडू नये. प्रवेश-अर्जात आजाराची आणि औषधांची माहिती लपवणे तर धोक्याचेच. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांनी, जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. नव्याने उद्भवलेल्या वा वाढत्या दुखण्याचे आधी वैद्यकीय निदान करून घ्यावे. ध्यान करताना घबराट वाढल्यास डोळे उघडून, पाय जमिनीला टेकवून थांबावे. तो साधकाचा दोष नव्हे. मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून मराठीतूनही बोलता येते.