यवतमाळची सेमिनरी आणि एक जुना प्रश्न

आमचं मूळ गाव केळापूर. पांढरकवड्याजवळचं, जगदंबेच्या देवळाचं. घरातल्या नव्या पिढीला आपला जिल्हा म्हणजे कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या, एवढंच ठाऊक. पण याच जिल्ह्याच्या गावी, यवतमाळला, तब्बल ३० वर्षं देशभरातले ख्रिस्ती पाळक आणि शिक्षक घडत होते, हे किती जणांना माहीत आहे?

१९५३ साली तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. फ्री मेथडिस्ट मिशनच्या जुन्या बायबल शाळेतून ती वाढली, आणि वेगवेगळ्या पंथांची मंडळी तिच्यात एकत्र आली. माध्यम इंग्रजी, कारण मुलं भारतभरातून येत.

काळ पाहा. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५४ मध्ये त्या सरकारने निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी शिफारस १९५६ च्या अहवालात आली. त्यावर वाद झाले, आजही होतात. ते बाजूला ठेवू. पण गोरे पाद्री गेले तर मंडळी कोण सांभाळणार, हा प्रश्न चर्चला आता टाळता येण्यासारखा नव्हता.

प्रश्न मात्र जुनाच. रेव्हरंड ना. वा. टिळकांना तो फार आधी बोचला होता. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. भजन-कीर्तनातून, आपल्या भाषेत ख्रिस्त सांगायचा, हा त्यांचा मार्ग. १९१९ मध्ये ते गेले आणि ते काम अपुरंच राहिलं. एका माणसावर उभं असलेलं काम त्याच्यामागे टिकवणं किती कठीण, हे त्यातून दिसतं.

सेमिनरीचं तसं झालं नाही. पहिले प्राचार्य फ्रँक क्लाइन हे अमेरिकन मिशनरी. पुढे सफीर अथियाल हे पहिले भारतीय प्राचार्य झाले. मला ही घटना इमारतींपेक्षा मोठी वाटते. येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट आपण सगळे जाणतो. पण ज्यांना शिकवलं त्यांच्या हाती कारभार सोपवून बाजूला होणं, हेही पाय धुण्याइतकंच कठीण असावं.

१९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला, बिबवेवाडीत गेली. तिथे ती वाढली, चांगलंच झालं. पण वाटतं, इंग्रजीने देश जोडला तरी पांढरकवड्याच्या शेतमजुराशी बोलणारा पाळक मराठीतच घडायला हवा, आणि जमलं तर गोंडी-कोलामीतही. टिळकांचा धडा आणि यवतमाळचा धडा एकत्र कोण शिकवणार?

असो. घरातल्या मोठ्यांपैकी कुणाला ते यवतमाळ आठवत असेल, तर जरूर सांगा. लिहून ठेवायला हवं.